सिस्टरांचे उलटे मोजे

भाडेकरू म्हणून माझी निवड माझ्या पायांवरून झाली. आयुष्यात माझी निवड फारशी कुठे झालेली नाही, त्यामुळे हे सांगताना मला अजूनही थोडा अभिमान वाटतो. निवडीचं कारण मात्र मी शक्यतो सांगत नाही.

मळवलीला स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर घरमालकिणीचं लहानसं घर होतं आणि वर गच्चीला लागून एक खोली. सरकारी कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडून मी कादंबरी लिहायला निघालो होतो. खिडकीतून डोंगर दिसला की कादंबरी होते, अशी माझी समजूत होती. बायकोची नोकरी पुण्यात चालू होती आणि तिची समजूत वेगळी होती, पण तिने ती मोठ्या मनाने स्वतःजवळच ठेवली.

घरमालकीण म्हणजे निवृत्त नर्स. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. ठेंगणा बांधा, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, आणि ऐन मे महिन्यात पायांत जाड लोकरीचे मोजे. तेही उलटे घातलेले. आतली बाजू बाहेर, आणि घोट्यापाशी धाग्यांची दोन-चार शेपटं लोंबत होती. वयानुसार बाईंना भान राहत नसावं, असं मी मनात म्हटलं. कुणाला भान राहत नाही ते पुढे ठरलंच.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"लिहितो."

"शुगर आहे?"

"थोडीशी."

"थोडीशी शुगर कुणालाच नसते. बसा त्या खुर्चीत. पाय दाखवा."

मी पाय दाखवले. घर बघायला गेलेल्या माणसाने पाय का दाखवावेत, हा प्रश्न मला बाहेर आल्यावर सुचला. माझे सगळे चांगले प्रश्न बाहेर आल्यावरच सुचतात.

"डोळे मिटा. बोटाला कापूस लावते. कळतंय का?"

"हो."

"आता?"

"हो, अगदी स्पष्ट."

"उघडा डोळे." कापसाचा बोळा त्यांच्या मांडीवर होता. "मी अजून हातच लावलेला नाही," त्या म्हणाल्या.

मी मुकाट्याने चपला शोधू लागलो, तर त्या म्हणाल्या, "निघालात कुठे? सामान कधी आणताय?" पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना या निवडीचं रहस्य विचारलं. खोटं बोलणारा पेशंट नजरेसमोर असलेला बरा, एवढंच उत्तर मिळालं.

सिस्टर गेल्या त्यालाही आता काही पावसाळे झाले. पण त्यांच्याविषयी लिहायला बसलं की चेहऱ्याआधी ते मोजे डोळ्यांपुढे येतात.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तालुक्यातल्या दवाखान्यांत काढली होती आणि तिथे त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. शुगरवाल्याचा पाय बधिर होतो. काटा रुतला तरी कळत नाही. न कळलेली जखम चिघळते, मग बोट जातं आणि बोटावर भागलं नाही तर पाय जातो. असे पाय गेलेले त्यांनी पाहिले होते, त्यातले काही नात्यातले होते. तेव्हापासून माणूस भेटला की त्यांची नजर आधी खाली जायची. लग्नात त्या नवरा-नवरीकडे न बघता पाया पडायला वाकलेल्या मंडळींच्या टाचा बघायच्या. मळवली स्टेशनच्या फलाटावर त्या दिसल्या की बाकावरची माणसं पाय आत ओढून घेत आणि एकमेकांना सांगत, "शिस्टर आल्या बरं का, पाय झाका."

पायांवरून तब्येत ओळखण्यात त्या पटाईत होत्या. दुर्दैवाने त्या पायांवरून स्वभावही ओळखायच्या आणि तिथे हमखास चुकायच्या. एकदा सुबक टाचांच्या एका गड्याला त्यांनी बाग सांभाळायला ठेवलं. त्याने पहिल्याच आठवड्यात आंब्याचं कलम गवत समजून उपटलं. "पाय चांगले आहेत हो त्याचे," म्हणून त्यांनी त्याला ठेवूनही घेतलं. मग त्याने गवताला पाणी घातलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की आता सुईला हात लावायचा नाही. जन्मभर लोकांना टोचलं, पुरे झालं. हा नियम त्या इतक्या काटेकोरपणे पाळायच्या की ब्लाऊजचं बटण तुटलं तरी शिंप्याकडे जायच्या. पण हात स्वस्थ बसेनात. तेव्हा त्यांनी प्लंबरकडून पाइपाचा एक रुंद तुकडा आणला, त्याच्या कडेने खिळे बसवून घेतले आणि त्यावर विणायला सुरुवात केली. पुढे भाचीने बाजारातून निळ्या प्लास्टिकची, खुंट्या असलेली तयार गोल चौकट आणून दिली. तिला त्या 'कडं' म्हणायच्या. जुनं पाइपाचं कडं माझ्या वाट्याला आलं. कारण त्यांचा दुसरा नियम असा होता की शुगरवाल्याने आपले मोजे आपण विणायचे. हात गुंतला की डब्यात जात नाही.

वीण ऐकायला सोपी आहे. खुंटीला धाग्याचा एक वेढा असतोच, त्यावर दुसरा घ्यायचा. मग आकड्याने, म्हणजे वाकड्या टोकाच्या तारेने, खालचा वेढा उचलून वरच्यावरून खुंटीच्या मागे टाकायचा. झाला एक टाका. असं गोल गोल फिरत राहिलं की कड्याच्या पोटातून, कुठेही शिवण नसलेली नळी उतरत जाते. शिवण नाही म्हणजे बधिर पायाला काही घासत नाही, हे सिस्टरांचं सगळं शास्त्र. नळी उतरली की अर्ध्याच खुंट्यांवर मागे-पुढे विणत टाच वळवायची. ही टाच माझ्याकडून वळेना. मी विणत राहिलो आणि नळी उतरत राहिली. बायको रविवारी आली, तेव्हा ती नळी टेबलावरून जमिनीला टेकली होती.

"कादंबरीपेक्षा वेग बरा आहे," ती म्हणाली.

सिस्टरांनी नळी हातात घेऊन वरखाली पाहिली. "वाया नाही गेली. छत्रीला बसेल." आणि खरंच ती त्यांच्या छत्रीला बसली. पावसाळाभर त्या छत्री खोळीत घालून फिरायच्या आणि विचारणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या लेखकांनी लिहिलंय." मळवलीत मला लेखक म्हणून जी काही ओळख मिळाली ती या छत्रीमुळे.

हळूहळू टाच जमली. त्यानंतर मला नक्षीचं वेड लागलं. उलट टाका शिकलो. त्यात धागा पुढून घेऊन वेढ्याखालून वर ओढतात. सुलट-उलटाच्या खेळातून किती प्रकार होतात, ते बघून मी हरखलो. सिस्टरांनी विणींना स्वतःची नावं दिलेली होती. दोन सुलट, दोन उलट अशी मोज्याच्या गळ्याची ताणणारी वीण म्हणजे 'पत्रा'. एक फेरी सुलट आणि एक फेरी उलट केली की आडवे वरंबे उठतात, ते 'खाचर'. आणि एकाआड एक टाका घेऊन पुढच्या फेरीला अदलाबदल केली की दाणेदार पोत येतो, तो 'साबुदाणा'. खरा साबुदाणा मला बंद होता. त्यामुळे लोकरीचा मी मनसोक्त केला.

"वर काय नक्षी करायची ती करा," त्या बजावायच्या. "तळवा साधा. बोटांपाशी साधा. आणि गाठ नाही. धागा संपला तर नवा त्याच्याबरोबर धरून काही टाके दोन्ही एकत्र विणा. शेपूट सोडून द्या."

"सुटणार नाही का?"

"सुटलं तर परत विणू. बोट परत विणता येत नाही."

म्हणूनच मोजे उलटे घालायचे. शेपटं, जोड, बोटांपुढे आकड्याने बंद केलेला काठ, सगळं बाहेर, आणि गुळगुळीत बाजू कातडीला. ज्यांना विणणं जमत नसे त्यांना सिस्टर स्वतः विणून द्यायच्या, पण पाय बघितल्याशिवाय मोजा नाही, हा नियम होता. सिस्टरांचे मोजे घातलेली तालुक्यातली सगळी माणसं अशी उलट्या पायांची दिसायची. औंढ्याचे एक आबा होते, सिस्टरांच्या माहेरच्या गावचे. त्यांचा पाय पार बधिर. पण ते मोज्याला हात लावायला तयार नव्हते.

"चिखलात मोजं घालून लावणी करू व्हय?" आबा म्हणाले.

"चिखलातून वर आल्यावर घाला की, आबा."

"लय ग्वाड दिसतंय. ठिवतो."

पुढच्या खेपेला सिस्टर मला घेऊन औंढ्याला गेल्या, तर मोजा खुंटीला टांगलेला आणि त्यात वालाचं बियाणं भरलेलं. मला वाटलं, आता आबांची धडगत नाही. सिस्टरांनी मोजा चाचपला आणि म्हणाल्या, "बी कोरडं राहिलंय की. हा बियाण्याचा. पायाचा दुसरा आणते." दुसऱ्या मोज्याला त्यांनी मुद्दाम इतकी सैल वीण घेतली की वाल त्यातून गळून जावेत. आबांनी तो निमूटपणे पायात घातला.

प्रेम दाखवायची त्यांची तऱ्हाही अशीच होती. बुद्धपौर्णिमेला त्या खीर करायच्या आणि शेजारीपाजारी वाट्या भरून जायच्या. माझ्या वाटीत चमचाभर खीर आणि तीत भला मोठा चमचा, म्हणजे वाटी रिकामी वाटू नये. त्या वाटीइतकं लाडाचं मला नंतर कुणी काही दिलेलं नाही.

आता माझ्या बोटाकडे येतो.

लोणावळ्यातल्या एका वाचनालयाने मला 'लेखक आपल्या भेटीला' या कार्यक्रमासाठी बोलावलं. ठरलेले लेखक आयत्या वेळी येऊ शकले नव्हते, असं नंतर कळलं. मी माझी सर्वोत्तम जोडी काढली. गळ्याला पत्रा, वर साबुदाणा, घोट्यावर खाचराचे तीन वरंबे. बैठक गादी-लोडाची होती, म्हणजे बूट काढून बसायचं, म्हणजे मोजे दिसणार. आणि इतकी नक्षी करून तिच्यावर शेपटं लोंबवत मोजे उलटे घालायचे, हे माझ्यातल्या कलावंताला पटेना. मी ते सुलटे केले.

एका मोज्यात, बोटांपाशी, गाठ होती. तिथे धागा संपला होता आणि मी सवयीने घट्ट बांधून टाकला होता. आयुष्यभर फायलींच्या नाड्या बांधलेल्या माणसाला, गाठ न मारता धागा सोडून देणं म्हणजे सही न करता फाइल पुढे पाठवण्यासारखं वाटायचं. मोजा उलटा घातला तर गाठ बाहेरच राहील, म्हणून मी निर्धास्त होतो. सुलटा करताना ती आत गेली, हे काही मला आठवलं नाही.

कार्यक्रम छान झाला. मी न लिहिलेल्या कादंबरीवर तासभर बोललो. प्रश्नोत्तरांत एकाच बाईंनी हात वर केला. "मोजे कुठून घेतलेत?" मी खुशीत गावभर हिंडलो, स्टेशनपर्यंत चालत आलो, मळवलीला उतरून घरी चालत आलो, आणि मोजे काढून आडवा झालो. पायाने दिवसभरात एका शब्दाने तक्रार केली नाही. बधिर पायाचा हाच काय तो गुण.

सकाळी फरशीवर लाल ठिपके दिसले. सिस्टरांची मांजर खोलीत येऊन-जाऊन असायची. तिला काही लागलं असेल म्हणून मी तिला शोधायला निघालो. पलंगाखाली पाहिलं, गच्चीवर पाहिलं. जिथे जिथे मी तिला शोधलं तिथे तिथे ठिपके सापडत गेले. त्यामुळे माझी खात्रीच पटली. तसाच अनवाणी खाली गेलो आणि म्हणालो, "सिस्टर, तुमच्या मांजरीला बघा हो, बरंच रक्त जातंय."

सिस्टरांनी माझ्या मागची पायरी पाहिली. मग तिच्यामागची. रागावल्या की त्यांची भाषा थेट औंढ्याला परत जायची.

"मांजार ठणठणीत हाय. तुमी बसा आदी. डोळं कुटं हुतं तुमचं?"

त्यांनी वरून मोजा मागवला, आत हात घातला आणि बोटांपाशी येऊन थांबल्या. गाठ चिमटीत धरून ती सावकाश फिरवून पाहिली. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"उलटा का नाही घातला?"

"शेपटांत नक्षी दिसली नसती."

"कुणाला दाखवायची होती?"

"वाचकांना."

"मग लिहायचं होतं ना."

तळेगावच्या डॉक्टरांनी बोट पाहिलं आणि म्हणाले, राहील की जाईल ते थोडे दिवस गेल्यावर कळेल. ते दिवस मी पाय उशीवर ठेवून काढले. गमतीत सांगतोय खरं, पण मला फार भीती वाटत होती. आपल्या शरीराचा एक तुकडा आपल्याला न सांगता निघून जाऊ शकतो, ही गोष्ट उशीवर ठेवलेल्या पायाकडे बघताना कळते. सिस्टर रोज सकाळी जिना चढून यायच्या, पट्टी सोडायच्या, वास घ्यायच्या, स्वच्छ करायच्या, नवी बांधायच्या. कादंबरी कुठवर आली, हे त्या मुद्दाम विचारायच्या. मला राग आला की माझी भीती कमी होते, हे त्यांनी ओळखलं होतं.

एके दिवशी वास घेऊन त्या म्हणाल्या, "राहतंय." आणि पट्टी अर्धवट सोडून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. एका लेखकाच्या एका बोटासाठी डोळे पुसावेत इतकं ते बोट मोलाचं नव्हतं. पण त्यांनी पुसले, हे मी पाहिलं. त्या बोटाचं नख आता वाकडं उगवतं, एवढंच.

त्यानंतरच्या वर्षी सिस्टरांचे हात आखडू लागले. आकडा बोटांतून निसटायचा, टाके खुंटीवरून पडायचे. "हा आकडाच बेकार निघाला," त्या म्हणायच्या. मी नवा आणून दिला, तर तोही बेकार निघाला. पायांतले मोजे विरत चालले होते, टाचेला आरपार दिसायला लागलं होतं. दुकानातले त्या घालणार नव्हत्या, त्यांना शिवण असते.

एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. "अहो लेखक, एक जोडी विणायचीय."

"कुणासाठी?"

"आहे एक पेशंट. मध्यम पाय. तुम्ही विणा, मी सांगते."

"पाय बघितल्याशिवाय मोजा नाही," मी म्हणालो. "नियम तुमचाच आहे."

हे मी निव्वळ चिडवायला म्हटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग खुर्चीत बसून, सावकाश, त्यांनी स्वतःच्या डाव्या पायातला मोजा खाली सरकवला. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून त्यांचा पाय मी कधी पाहिला नव्हता. कडेची दोन बोटं नव्हती. जखम जुनी होती, कधीची भरून आलेली.

"नोकरीत असतानाच गेली," त्या म्हणाल्या. "नव्या बुटात खिळा वर आला होता. दिवसभर वॉर्डात फिरले, लोकांचे पाय बघत."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? सिस्टरचीच गेली म्हटल्यावर माझ्यापुढे पाय कुणी काढला असता? आणि विचारलं कुणी? जो तो आपला पाय लपवण्यात होता."

मी जमिनीवर बसलो आणि टेपने माप घेतलं. उरलेल्या तीन बोटांची रुंदी घेतली. मग त्यांच्याच डब्यातून कापूस काढला. "डोळे मिटा, सिस्टर."

त्यांनी मिटले. मी कापूस माझ्या मांडीवर ठेवला. "कळतंय का?"

"हो," त्या म्हणाल्या. "अगदी स्पष्ट."

"मी अजून हातच लावलेला नाही."

त्या डोळे न उघडता हसल्या. मीही हसलो. "मग लावा की आता," त्या म्हणाल्या आणि पाय पुढे केला.

मी अंगठ्याला कापूस लावला. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्यावरून टाचेपर्यंत फिरवला. सिस्टर डोळे मिटून, लहान मुलीसारख्या, वाट बघत बसल्या होत्या. बाहेरून मांजर आली आणि त्यांच्या पदराला घासून गेली. त्यांचा हात तिच्या पाठीवरून फिरला. तरी पाय माझ्या हातात तसाच होता.

"लावला का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची माझी सवय तेव्हा कुठे गेली होती, कोण जाणे. "लावला, सिस्टर," मी म्हणालो. "सगळीकडे."

त्यांनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि निळं कडं माझ्या हातात दिलं. "सगळी वीण साधी घ्या. साबुदाणा नको, खाचर नको. आणि गाठ मारलीत तर खोली खाली करा."

ती जोडी विणायला मला पुष्कळ दिवस लागले. प्रत्येक फेरीनंतर मी आत हात घालून बोटांनी चाचपत होतो. त्यांनी ती उलटी घातली, शेपटं बाहेर काढून, आणि शेवटपर्यंत वापरली. घर आता त्यांच्या कान्हे गावातल्या भाचीचं आहे. खोली अजून माझ्याकडेच आहे.